हॉस्टेलचा पत्ता आणि मतदार यादी: नाव कुठे, कसं आणि कधी घालायचं

निवडणूक जाहीर झाली की हॉस्टेलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हमखास विचारलं जातं, ‘अजून नाव घालता येईल का?’ तोवर बहुधा उशीर झालेला असतो. कायद्याप्रमाणे उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत नवं नाव चढत नाही. शिवाय आलेल्या प्रत्येक अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणजे त्या शेवटच्या दिवसाच्या निदान दहा दिवस आधी अर्ज पोचायला हवा. हे काम परीक्षा नसलेल्या, निवडणूकही नसलेल्या एखाद्या निवांत महिन्यात उरकावं.

अर्ज उघडण्याआधी नाव गावाकडच्या यादीत ठेवायचं की शिकायला आलोय त्या शहरात, हे ठरवा. विद्यार्थ्याला दोन्हींपैकी एक निवडता येतं, दोन्ही नाही. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे हॉस्टेल, मेस किंवा तशा ठिकाणी राहणारा विद्यार्थी तिथला मतदार होऊ शकतो. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा असावा, एवढीच अट. एमपीएससीच्या क्लाससाठी सदाशिव पेठेत राहणाऱ्याला ही हॉस्टेलची सवलत लागू होत नाही. त्याने साध्या भाडेकरूसारखा राहत्या जागेचा पुरावा द्यायचा.

निवड करताना एक हिशोब मांडावा. तीन-चार वर्षं शहरातच काढायची असतील, पाणी, बस, फुटपाथ, रात्रीचे दिवे यांचा त्रास रोजचा असेल, तर शहरात नाव घालणं शहाणपणाचं. नाहीतर ऐन मतदानाच्या आदल्या रात्री लातूर-नांदेडच्या एसटीत उभं राहून जावं लागतं, आणि मग जाणंच रद्द होतं. उलट गावच्या ग्रामपंचायतीत खरा रस असेल तर नाव तिथेच राहू द्या. तिथे निकाल अनेकदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी फिरतो, आणि पुढे स्वतः उभं राहायचं असेल तर गावच्या यादीत नाव लागतं. ‘दोन्हीकडे असू दे, कुठे कळतंय’ हा कट्ट्यावरचा सल्ला मात्र ऐकू नका. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने दोन ठिकाणी नाव ठेवायला मनाई आहे आणि खोटं प्रतिज्ञापन केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय आता कळतंही: २०२५ मध्ये राज्यातल्या स्थानिक निवडणुकांच्या यादीत संभाव्य दुबार नावांपुढे दोन ताऱ्यांची खूण करायचं ठरलं आणि अशा मतदाराकडून हमीपत्र घ्यायचंही.

कोणता नमुना भरायचा हे आता सोपं आहे. आयुष्यात पहिल्यांदा नाव घालताय, तर नमुना ६. गावाकडे नाव आहे आणि शहरात आणायचंय, तर नमुना ८. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. स्थलांतरासाठी नवा नमुना ६ भरला की जुनं नाव तसंच राहतं आणि तुम्ही दुबार ठरता. नमुना ८ मध्ये चार कामं होतात: पत्ता बदलणं, चूक दुरुस्त करणं, हरवलेल्या ओळखपत्राऐवजी नवं मागणं आणि दिव्यांगत्वाची नोंद. पत्ता बदलला तरी तीन अक्षरं आणि सात आकड्यांचा ओळखपत्र क्रमांक तोच राहतो. जुन्या जागचं नाव काढायला वेगळं काही करावं लागत नाही.

वयाचं गणितही लक्षात घ्या. पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती. ती हुकली की वर्षभर थांबावं लागे. आता वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. २० ऑगस्टला अठरा पूर्ण होत असतील तर १ ऑक्टोबर ही तुमची तारीख. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जही देता येतो. नाव त्या-त्या तिमाहीत चढतं. त्यामुळे अकरावी-बारावीच्या पोरांनीही आत्ताच भरून ठेवायला हरकत नाही.

आता कागद. पासपोर्ट आकाराचा रंगीत फोटो, पांढरी पार्श्वभूमी, कान आणि कपाळ दिसणारा. सेल्फीला कात्री लावून पाठवू नका; चेहरा तिरका किंवा सावलीत असला की अर्ज अडतो. जन्मतारखेला दहावीचं प्रमाणपत्र सगळ्यात सरळ. जन्मदाखला, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, आधार हेही चालतात. फाइल दोन एमबीच्या आत बसवा.

खरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची. तुमच्या आधारवर गाव आहे, वीजबिल हॉस्टेलच्या नावावर आहे. अशा वेळी प्राचार्य, कुलसचिव किंवा संचालकांच्या सहीचं बोनाफाईड जोडायचं. ऑफिसमध्ये मिळणारं नेहमीचं बोनाफाईड पुरत नाही, कारण त्यात फक्त ‘या महाविद्यालयाचा विद्यार्थी आहे’ एवढंच असतं. आयोगाने यासाठी नमुना ६ सोबत एक ठराविक मसुदा दिलेला आहे. तो छापून न्या आणि हॉस्टेलचा पूर्ण पत्ता, खोली क्रमांक आणि अभ्यासक्रमाचा कालावधी त्यात आलाय ना ते बघा. शिक्का विसरू नका. कॉलेजच्या खिडकीवरचे क्लार्ककाका ‘असं काही आम्ही देत नाही’ म्हणाले तर वाद घालत बसू नका. छापील मसुदा घेऊन थेट रजिस्ट्रारकडे किंवा एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सरांकडे जा. मतदार जागृतीचं काम बऱ्याच कॉलेजात एनएसएसकडेच असतं.

पीजी किंवा कॉट बेसिसवाल्यांसाठी नोंदणीकृत भाडेकरार उत्तम. पण अनेक मालक तो करतच नाहीत, आणि मतदार यादीत भाडेकरूचं नाव चढलं की तो जागेवर हक्क सांगेल अशी त्यांना धास्ती असते. ती निराधार आहे. मतदार नोंदणीने जागेवर कुठलाही हक्क तयार होत नाही. करार नसेल तर सध्याच्या पत्त्यावर काढलेलं राष्ट्रीयीकृत बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक चालतं. पोस्टात खातं उघडणं स्वस्त आणि सोपं. यातलं काहीच नसेल तरी अर्ज देता येतो. मग प्रत्यक्ष पडताळणी करणं अधिकाऱ्यावर बंधनकारक असतं.

अर्ज व्होटर्स.ईसीआय.जीओव्ही.इन या संकेतस्थळावर किंवा आयोगाच्या मोबाइल अॅपवर भरता येतो. मोबाइल क्रमांक स्वतःचाच टाका, भावाचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा नको. पुढे डिजिटल ओळखपत्र त्याच क्रमांकावरच्या ओटीपीने उतरतं. ई-सहीसाठी आधारशी जोडलेल्या क्रमांकावर ओटीपी मागितला जाऊ शकतो, म्हणून ते सिमही हाताशी ठेवा. ते सिम गावाकडे वडिलांच्या फोनमध्ये असेल तर तुम्ही घरी गेलेले असतानाच अर्ज भरा.

अर्जातले हे रकाने विद्यार्थ्यांना हटकून नडतात:

विधानसभा मतदारसंघ. पिनकोडवरून अंदाज लावू नका. पुण्यात कोथरूड, शिवाजीनगर, कसबा पेठ आणि पर्वती यांच्या सीमा एकमेकींना लागून आहेत. रस्त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा असं होतं. हॉस्टेलशेजारच्या घरात राहणाऱ्या एखाद्या काकांना त्यांच्या ओळखपत्रावरचा मतदारसंघ विचारा, तो खात्रीचा.

मराठी नाव. तुम्ही इंग्रजीत टाइप केलं की मराठी रकाना आपोआप भरतो आणि शेळकेचा शेलके, ढगेचा धागे होतो. महाराष्ट्रातली छापील यादी मराठीत असते, म्हणून हा रकाना अक्षर-अक्षर तपासा. ळ, ढ, ण आणि ऱ्हस्व-दीर्घ यांच्याकडे खास लक्ष. इथे आळस केला तर पुन्हा नमुना ८ आलाच.

कुटुंबातल्या मतदाराचा तपशील. हा रकाना त्याच पत्त्यावर सोबत राहणाऱ्या नातेवाइकासाठी आहे. हॉस्टेलचा पत्ता देऊन इथे गावाकडच्या आईचा ओळखपत्र क्रमांक टाकला की अर्जात दोन पत्ते भांडायला लागतात. रकाना मोकळा सोडा. वडिलांचं किंवा आईचं नाव मात्र नातेसंबंधाच्या रकान्यात येतंच.

केव्हापासून राहता. जन्मापासून नव्हे, हॉस्टेलात प्रवेश घेतला तो महिना आणि वर्ष. बोनाफाईडवरच्या तारखेशी ते जुळलं पाहिजे.

शेवटी संदर्भ क्रमांक मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून स्वतःलाच मेल करा, कारण पुढची सगळी चौकशी त्यावरच होते.

अर्ज गेला की काम संपलं असं समजून मुलं विसरतात, आणि निम्मे अर्ज खरे इथे धोक्यात असतात. तुमच्या यादीभागाचा, म्हणजे यादीतल्या तुमच्या मतदान केंद्रापुरत्या भागाचा, केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे सगळे ज्याला बीएलओ म्हणतात तो, पडताळणीला हॉस्टेलवर येतो. बहुतेकदा या शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात. आपलं मूळ काम सांभाळून दुपारी येतात. तेव्हा तुम्ही प्रॅक्टिकलला, रेक्टर जेवायला, आणि वॉचमन म्हणतो, ‘असं कोणी इथे नाही.’ शेरा पडतो आणि अर्ज नामंजूर. म्हणून संकेतस्थळावर आपला बीएलओ शोधा, फोन करून वेळ ठरवा आणि वॉचमनच्या टेबलावर नाव, खोली क्रमांक, मोबाइल लिहिलेली चिठ्ठी ठेवा. एका हॉस्टेलातून दहा-पंधरा अर्ज असतील तर एकच दिवस ठरवून सगळ्यांनी मूळ कागदांसह हजर राहावं. त्यांच्या चार खेपा वाचतात. मे महिन्याच्या सुट्टीच्या तोंडावर अर्ज करू नका, तेव्हा हॉस्टेल रिकामं असतं.

संदर्भ क्रमांकाने अर्जाची स्थिती पाहत राहा. नामंजूर झाला आणि कारण पटलं नाही तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. त्यांचा निर्णयही मान्य नसेल तर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. कारण साधंच असेल, म्हणजे फोटो अस्पष्ट किंवा कागद अपुरा, तर अपिलात न अडकता नवा अर्ज दिलेला बरा. चौकशीला १९५० हा टोल फ्री क्रमांक आहे.

मंजूर झाल्यावर ओळखपत्र पोस्टाने येतं, फुकट. हॉस्टेलच्या पत्त्यावर आलेली पाकिटं परत जाण्याचं प्रमाण मोठं असतं, म्हणून त्यावर विसंबू नका. क्यूआर कोड असलेली पीडीएफ उतरवून घ्या, तीही तितकीच वैध आहे. मात्र ओळखपत्र खिशात असणं आणि यादीत नाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी. मत यादीतल्या नावावर देता येतं. म्हणून दरवेळी निवडणुकीआधी यादीभाग क्रमांक आणि अनुक्रमांक शोधून टिपून ठेवा. ओळखपत्र नसलं तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक पासबुक यांपैकी एक दाखवून मत देता येतं. कॉलेजचं आयकार्ड त्या यादीत नाही. मतदान केंद्राच्या दारातून परत पाठवल्यावर तिथे कामाला बसवलेल्या शिक्षकांवर चिडण्यात अर्थ नाही, नियमच तसा आहे.

महापालिकेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण तो वेगळी नोंदणी करत नाही. ठरवलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांत फोडतो. त्या तारखेनंतर चढलेलं नाव त्या निवडणुकीत उपयोगाचं नाही. ही फोड करताना अख्खं हॉस्टेल शेजारच्या प्रभागात जाऊन बसल्याचं प्रारूप यादीतच दिसतं, आणि हरकत तेव्हाच घ्यायची असते. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचं प्रकरण निराळंच: तिथे नमुना १८, पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत, आणि यादी दर निवडणुकीला नव्याने होते.

मतदानाला जाताना एक लक्षात ठेवा. मुंबई सोडून बहुतेक महापालिकांत प्रभाग बहुसदस्यीय आहेत. अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी एकेक बटण दाबायचं असतं. एकच दाबून निघालात तर मतदान पूर्ण होत नाही आणि केंद्रावरचे कर्मचारी मागून हाका मारतात. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर त्या जागेचं ‘वरीलपैकी कोणीही नाही’ दाबा, आणि शेवटचं बटण दाबल्यावर लांब बीप ऐकू आला की मगच बाहेर पडा.