पेन्सिलीआधी रांगोळी : खेळांतून मुलांना लिहायला कसे शिकवावे

चार वर्षांच्या मुलाच्या हाती वही देऊन एकच अक्षर पानभर गिरवून घ्यायची घाई अनेक घरांत होते आणि मूल लवकरच वहीला कंटाळते. लिहिणे हे आधी बोटांचे, मग नजरेचे आणि शेवटी काहीतरी सांगण्याचे काम आहे. त्यामुळे खेळही त्याच क्रमाने घ्यावेत. कोल्हापूरला हा विचार नवा नाही. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये येथे सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय आनंददायी शिक्षणासाठीच ओळखले जाते.

पहिली पायरी बोटांची. रांगोळी सोडताना अंगठा, तर्जनी आणि मधले बोट ज्या रीतीने जुळतात, जवळजवळ तशीच पेन्सिलीची पकड असते. म्हणून सकाळी दारात रांगोळी काढताना मुलाला शेजारी बसवून फक्त ठिपके द्यायला सांगावे. ठिपका मोठा पडला की चिमूट सैल होती, हे त्याला आपोआप कळते. गणपतीच्या आधी कुंभार गल्लीतून थोडा शाडू आणून त्याच्या गोळ्या आणि वळ्या करायला द्याव्यात, एरवी कणकेचा गोळा पुरतो. चिंचोके एकेक उचलून बाटलीत टाकण्याचा खेळही चांगला, मात्र मूल ते तोंडात किंवा नाकात घालणार नाही याकडे मोठ्यांचे लक्ष हवे.

दुसरी पायरी वळणांची, आणि ती मोठ्या जागेवर व्हावी, कारण लहान मुलाचा हात आधी खांद्यापासून फिरतो, मनगट आणि बोटे नंतर वश होतात. फरशीवर ओल्या कुंचल्याने उभ्या, आडव्या, तिरप्या रेषा आणि गोल काढावेत. पाणी वाळण्याआधी पुढचा गोल पूर्ण करायचा, एवढा एक नियम ठेवला की शर्यत सुरू होते.

तिसरी पायरी अक्षरांची. येथे वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवून आपल्या शाळांतील जुना 'ग म भ न' हाच क्रम धरावा, कारण या चारही अक्षरांत उभा दंड आहे आणि तोच दंड पुढे काना म्हणून कामी येतो. चार अक्षरांत 'मन', 'गगन', 'नमन' आणि काना येताच 'मामा', 'नाना' लिहिता येतात. परातीत पातळ थर दिलेल्या रव्यात बोटाने अक्षर काढणे, किंवा पाठीवर बोटाने काढलेले अक्षर ओळखणे, हे खेळ दहा-पंधरा मिनिटे घ्यावेत. म आणि भ, घ आणि ध यांत मुले हमखास गोंधळतात. त्यासाठी ही अक्षरे शिरोरेषेविना खडूने फरशीवर मोठी काढून, मुलाच्या हाती आइस्क्रीमच्या काड्या द्याव्यात : म आणि घ यांच्या डोक्यावर अख्खी काडी, भ आणि ध यांच्या डोक्यावर अपुरी, कारण त्यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. काडी चुकीची बसली की मूल स्वतःच ती उचलून बदलते. वहीत हे साधत नाही, तेथे खोडरबर लागतो आणि कागद फाटतो.

मूल डावखुरे असेल तर हात बदलायला लावू नये. कागद थोडा उजवीकडे कलता ठेवला की पुरे.

शेवटच्या पायरीला लिहिण्यामागे कारण लागते, आणि ते घरातच सापडते. रंकाळ्यावर पाहिलेली भेळेची गाडी दिवाणखान्यात मांडावी, दुकानदार मूल, गिऱ्हाईक आजी. गाडीवर पाटी हवी, दर हवेत, उधारीची वहीसुद्धा हवी. पाटीवर 'भळ १० रुपये' असे आले तर लाल रेघ ओढू नये, आजीने गंभीरपणे म्हणावे, "भळ नको बाळा, मला भेळ पाहिजे." बहुतेक वेळा दुकानदार तेथल्या तेथे मात्रा देतो, आणि नाही दिली तरी गिऱ्हाइकाने भेळ खाऊन पैसे द्यावेत; मात्रा दुसऱ्या दिवशीच्या पाटीवर पाहता येते.