जुन्या एमजीबीत जादा मीटर बसवताना: आधी आटे ओळखा, मग अर्थिंग तपासा

माझी एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) १९६६ सालची, इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून निघालेली. तिच्या डॅशबोर्डवर तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान दाखवायला एकच गोल जोडमीटर आहे. वर अर्धा, खाली अर्धा, आणि रात्री दोन्ही काटे दिसत नाहीत. व्होल्टमीटर तर नाहीच. चार्जिंग गेलं की एक लाल दिवा लागतो, तोही उन्हात दिसत नाही. म्हणून मी खाली एक पट्टी लावून तीन मीटर बसवले: तेलाचा दाब, तेलाचं तापमान, व्होल्ट. नंतर मित्रांच्या चार-पाच गाड्यांतही हेच केलं. 'तासाभराचं काम आहे' असं सांगणाऱ्याने ते स्वतः केलेलं नसतं. एक अख्खा शनिवार राखून ठेवा.

मूळ स्टीलच्या डॅशबोर्डला भोक पाडू नका. हे मी कोणाशीही वाद न घालता सांगतो. ५२ मिलिमीटरच्या तीन भोकांची पट्टी तयार मिळते, ती खालच्या कडेला दोन स्क्रूंवर लटकते आणि हवी तेव्हा निघते. एकदा कापलेला पत्रा परत येत नाही.

खरेदीच्या आधी बॅटरीचा कोणता ध्रुव अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, जोडला आहे ते बघा. १९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. जुन्या पद्धतीच्या मीटरला त्याने फारसा फरक पडत नाही. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेलं मीटर मात्र उलटं जोडलं की जळतं. मधल्या मालकाने गाडी निगेटिव्ह करून घेतली असेल तर कागदावर विसंबू नका. सीटमागचं झाकण उचला, मल्टीमीटर लावा आणि कुठली केबल बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी पाहा. तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात (कोणीतरी बदलून बारा व्होल्टची एक टाकली नसेल तर). काम सुरू करण्याआधी अर्थची केबल सोडवा आणि काम संपेपर्यंत तिला हात लावू नका.

वायरिंग सोपं आहे, फक्त घाई नको. ब्रिटिश रंगांत हिरवी वायर म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारी, फ्यूजमागची लाइन. मीटरचा करंट तिथून घ्या. पण याच लाइनवर ब्रेक लाइट आणि वायपरही चालतात, म्हणून मीटरसाठी दोन-तीन अँपियरचा स्वतंत्र फ्यूज मध्येच लावा. मीटरचा दिवा लाल-पांढऱ्या वायरवर, काळी अर्थला. वायर न सोलता चावून जोडणारे निळे क्लिप वापरू नका. चाळीस-पन्नास वर्षांच्या तांब्यावर ते दोन हिवाळे टिकतात आणि तिसऱ्यात वायपर बंद पाडतात. इंजिनाकडून आत येणाऱ्या वायरीला रबरी ग्रॉमेट हवंच.

मीटर पट्टीत बसवून मागची नट हाताने आवळा. पाना लावू नका.

आता माझा खरा छळ झाला ते काम: तेलाच्या दाबाचा सेंडर, म्हणजे दाब मोजून वायरीने मीटरला कळवणारा भाग.

सेंडर बसवायला इंजिनाकडून येणारी रबरी होज आणि जोडमीटरकडे जाणारी नळी यांच्यामध्ये पितळी टी (तीन तोंडांचा जोड) घालायची, म्हणजे जुना काटाही चालू राहतो. त्या टीवर सेंडर. कागदावर दहा मिनिटं. घोटाळा आट्यांचा आहे. या सेंडरना तीन प्रकारचे आटे असतात आणि नुसत्या डोळ्यांनी तिन्ही सारखेच दिसतात: ब्रिटिश १/८ बीएसपी, अमेरिकन १/८ एनपीटी आणि युरोपियन एम १० बाय १. पहिल्यात इंचाला २८ आटे, कोन ५५ अंश. दुसऱ्यात इंचाला २७ आणि ६० अंश. सेंडरचा आटे असलेला भाग जेमतेम एक सेंटिमीटर लांब, त्यामुळे दोघांत अर्ध्या आट्याचाही फरक पडत नाही. बाहेरचा व्यास बीएसपीचा ९.७३ मिलिमीटर, एमचा सरळ दहा. एवढ्या फरकावर एकात एक अडकतं, दोन-अडीच वेढे छान चढतं आणि मग गच्च होतं. हात सांगतो, 'झालं!'

माझंही झालं होतं. अमेरिकन सेंडर, ब्रिटिश टी, वर टेफ्लॉन टेपचे चार वेढे. गॅरेजमध्ये थंड इंजिनावर थेंबसुद्धा गळला नाही. अ‍ॅबिंग्डनजवळ ए-३४ महामार्गावर तेल गरम झालं, पातळ झालं आणि त्या खोट्या सांध्यातून फवारा उडू लागला. एमजीबीत डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना करंट वाटणारा भाग) या टीच्याच, म्हणजे इंजिनाच्या उजव्या बाजूला आहे. तो तेलात न्हाला, इंजिन अडखळलं आणि मी रस्त्याकडेला बोनेट उघडून बसलो. गाडी जिथे जन्मली तिथून चार मैलांवर ती बंद पाडण्याचा मान माझा.

म्हणून टेप गुंडाळण्याआधी आट्यांचा गेज (दातेरी मोजपट्टी) लावा. पाकिटावर छापलेलं वाचून ठरवू नका; माझ्या पाकिटावर आट्यांचा प्रकार छापलेलाच नव्हता. तिन्ही गेजपैकी एकाच्या दातांत आटे उजेड न दिसता बसतात, तोच प्रकार. टी दुसऱ्या प्रकारची निघाली तर मध्ये नीट बनवलेला अ‍ॅडॅप्टर घाला. टेप फक्त निमुळत्या आट्यांना. पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपचा तुकडा तेलात जाईल. सरळ आट्यांना तांब्याचा वॉशर लागतो, तिथे टेपचा काहीच उपयोग नाही.

आता त्याहून वाईट गोष्ट, कारण तिच्यात काही गळत नाही आणि आवाजही येत नाही. सेंडर टीवर सरळ उभा ठेवू नका. तो जड असतो, इंजिन थरथरतं, आणि पितळी सांधा एक दिवस तुटतो. लवचिक नळी लावून सेंडर बॉडीवर ब्रॅकेटने बसवा. पण एका वायरीच्या सेंडरला अर्थ त्याच्या धातूच्या अंगातून मिळतो. रबरी नळी, टेप आणि रंगवलेला पत्रा यांच्यामध्ये तो अर्थ अर्धवट राहतो.

माझ्या सेंडरचा रोध दाब शून्य असताना १० ओहम, पूर्ण दाबाला १८०. वाईट अर्थचे २५-३० ओहम त्यात मिसळले की मीटरला दाब *जास्त* वाटतो. म्हणजे बिघाड झालाय आणि काटा समाधानाने वर उभा! अर्थ पूर्ण तुटला तर तो थेट शेवटाला जाऊन टेकतो. अमेरिकन सेंडर उलटे चालतात, २४० वरून ३३ वर येतात, तिथे निदान वाईट अर्थ काटा खाली पाडतो आणि माणूस घाबरून बघतो तरी. सेंडर आणि मीटर एकाच कुळातले घ्या, आणि रेंजही जुळवा: ५ बारचा (बार हे दाबाचं एकक) सेंडर १० बारच्या मीटरला लावला तर दाब दुप्पट दिसतो.

गरम इंजिन, आयडलिंग (गाडी उभी, इंजिन चालू). माझा नवा काटा ४० पौंडांवर (दर चौरस इंचाला), जोडमीटरचा जुना १५ वर. मी म्हटलं, म्हातारा चुकतोय. गाडीच्या माहितीपुस्तकात गरम आयडलला १० ते २५, रस्त्यावर ५० ते ८० पौंड दिलेत. म्हणजे पुस्तक जुन्या काट्याच्या बाजूने होतं, तरी मी नव्यावर विश्वास ठेवला, कारण तो चकचकीत होता आणि पैसे मी मोजले होते. दोन आठवड्यांनी किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता बसलो होतो, बायको फोनवर बोलत होती. काटा २० वर! इंजिन बंद असताना कुठला दाब? सेंडरच्या अंगापासून बॅटरीच्या अर्थपर्यंत मल्टीमीटर लावला: ३१ ओहम. ब्रॅकेटखाली रंगाचा थर होता.

तेव्हापासून मी दोन टर्मिनलचा सेंडर घेतो. एक मीटरला, दुसऱ्यातून काळी वायर थेट इंजिनाच्या अर्थ पट्ट्याच्या बोल्टला. तुमच्याकडे एक टर्मिनलचा असेल तर ब्रॅकेटखालचा रंग घासून उघडा पत्रा करा, दात असलेला वॉशर लावा आणि वरून ग्रीस. मग बॅटरी जोडण्याआधी मोजा: सेंडरचं अंग ते बॅटरीचा अर्थ, एक ओहमच्या आत. बॅटरी जोडल्यावर किल्ली फिरवा, इंजिन बंदच ठेवा. काटा शून्यावर हवा. हे दोन्ही जमत नसेल तर बोनेट लावू नका.

तेलाच्या तापमानाचा सेंडर संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या पात्राच्या) प्लगच्या जागी बसणाऱ्या अ‍ॅडॅप्टरमध्ये जातो. तेल बदलायच्या दिवशीच करा. व्होल्टमीटर दोन वायरींचं काम. डायनामोच्या गाडीत आयडलला १२ च्या आसपास आणि वेग घेतला की १३.५ च्या पुढे दिसला तर काळजी नको.

पहिल्या पन्नास मैलांनंतर टीखाली पांढरा कागद धरून इंजिन दहा मिनिटं आयडलवर ठेवा. कागदावर ठिपका आला तर तो सांधा खोलून आटे परत मोजा. नुसता पाना फिरवून आवळू नका.