कुलमुखत्यारपत्र कसे द्यावे आणि कसे रद्द करावे

गावाकडची जमीन किंवा शहरातला फ्लॅट सांभाळण्यासाठी कुलमुखत्यार, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा लेखी अधिकार दिलेली व्यक्ती, नेमताना एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी: मुखत्याराने दिलेल्या अधिकारात राहून केलेले कृत्य मालकावर तितकेच बंधनकारक असते, जणू ते त्याने स्वतःच केले आहे. हे नाते भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १८२ ते २३८ मध्ये मांडलेले असून त्यासाठी मोबदल्याची गरज नसते. सख्ख्या भावाने विनामूल्य केलेले कामही याच नियमांखाली येते.

म्हणून ‘माझ्या वतीने सर्व कामे करावीत’ असा सैल मजकूर टाळावा. मिळकतीचा गट क्रमांक लिहून भाडेवसुली, फेरफाराचा अर्ज, दावा चालवणे यांपैकी कोणते अधिकार दिले, हे वेगवेगळे नोंदवावे. विक्रीचा अधिकार खरोखर अडल्याशिवाय देऊच नये, असे माझे मत आहे. द्यावाच लागला तर किमान किंमत आणि रक्कम कोणत्या खात्यात जमा व्हावी, हेही दस्तात घालावे. कलम २१३ प्रमाणे मुखत्याराने हिशेब द्यायचा असतो, पण तो मागितल्यावर. नात्यात मागणे अवघड जाते, त्यामुळे हिशेबाची तारीख आधीच लिहिलेली बरी.

परदेशातील व्यक्तीने तेथील नोटरी किंवा भारतीय वकिलातीतील अधिकाऱ्यासमोर सही करून दस्त साक्षांकित करून घ्यावा, आणि तो महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.

मिळकत विकत घेणाऱ्यांसाठीही एक इशारा आहे. केवळ कुलमुखत्यारपत्राच्या आधारे मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. नोंदणीकृत खरेदीखत हवेच.

रद्द करण्याच्या बाबतीत मात्र लोक सर्वाधिक गाफील राहतात. कलम २०८ नुसार अधिकार काढून घेतल्याचा परिणाम मुखत्यारापुरता त्याला कळल्यावर, आणि तिऱ्हाइतांपुरता त्यांना कळल्यावर होतो. त्यामुळे रद्दलेख करून तो कपाटात ठेवणे व्यर्थ आहे. मुखत्याराला पोचपावतीसह नोटीस पाठवावी, मूळ दस्त परत मागावा, बँक, सोसायटी व भाडेकरूंना लेखी कळवावे आणि स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत असेल, तर कलम २०२ मुळे त्या हिताला बाध येईल असे रद्द करणे एरवी चालत नाही. अशा वेळी नोटीस काढण्याआधी वकिलाला दस्त दाखवावा.