पाण्याविना फ्लाय कास्टिंगचा सराव

फ्लाय म्हणजे गळावर पिसं आणि दोरे गुंडाळून केलेलं आमिष. त्याला जवळजवळ वजनच नसतं. मासेमारीच्या रॉडने फेकली जाते ती जाड लाइन, म्हणजे दोरी; फ्लाय तिच्यामागून ओढली जाते. या फेकण्यालाच कास्टिंग म्हणतात. म्हणूनच कास्टिंग सुधारायला पाणी लागत नाही आणि मासाही लागत नाही. नदीवर सगळं लक्ष समोरच्या पाण्यावर असतं, कास्ट मात्र बहुतेक वेळा पाठीमागे बिघडतो. घरच्या सरावात बॅककास्ट, म्हणजे लाइन मागे फेकणं, डोळ्यांनी बघता येतं, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा फायदा आहे.

नेहमीचाच रॉड घ्या. 9 फुटी, 5 नंबरचा रॉड आणि त्याच नंबरची फ्लोटिंग (पाण्यावर तरंगणारी) लाइन सरावाला उत्तम; हा नंबर लाइनच्या वजनाचा असतो. लाइन जुनी असली तरी चालेल. पुढे साडेसात ते 9 फुटांचा लीडर, म्हणजे लाइनला जोडलेला, टोकाकडे निमुळता होत जाणारा बारीक धागा, हवाच. तो नसेल तर लाइनचं टोक चाबकासारखं फटकारतं आणि त्यावरचं आवरण चिरतं. लीडरच्या टोकाला, जिथे जाडी साधारण 0.25 मिलिमीटर असते, भडक रंगाच्या लोकरीचा इंचभर गोंडा बांधा. सरावात खरा गळ लावायचा नाही. चष्मा किंवा गॉगल आणि टोपी मात्र गोंडा असला तरी घालायचीच, कारण वेगात आलेलं लीडरचं टोक डोळ्याला इजा करू शकतं.

जागा गवताची असावी. तुमच्या पुढे आणि मागे प्रत्येकी बारा-पंधरा मीटर मोकळे हवेत. काँक्रीट आणि डांबरावर लाइन घासून खराब होते. वर विजेच्या तारा असतील तर तिथे रॉड उभारूही नका, कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते.

सुरुवात आडव्या कास्टने करा. रॉडच्या टोकापुढे सुमारे 25 फूट लाइन सरळ पसरा. रॉड कमरेच्या उंचीवर जमिनीला समांतर धरा आणि डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे कास्ट करा. प्रत्येक कास्टनंतर लाइन गवतावर पडू द्या. लाइन सतत हवेत ठेवली, तर एका कास्टमधली चूक पुढचा कास्ट झाकून टाकतो. लाइन पडू दिली की ती सरळ पडली की वाकडी, हे लगेच कळतं. शिवाय दोन्ही बाजूंचे लूप, म्हणजे हवेत उलगडताना लाइनला पडणारे वळसे, नजरेच्या टप्प्यात असतात, मान वळवावी लागत नाही.

हालचाल हळू सुरू करायची, वेग सारखा वाढवत न्यायचा आणि रॉड झटकन थांबवायचा. लूप तयार होतो तो या थांबण्यातून. रॉडचं टोक सरळ रेषेत गेलं तर लूप अरुंद होतो. टोक कमानीसारखं फिरलं तर लूप रुंद होतो आणि हवेतच दम तोडतो. गवतावर दोनेक मीटर दोरी सरळ ताणून ठेवा आणि रॉडचं टोक तिच्यावरूनच जातंय का ते बघा. लाइन वाढवली की हाताचा पल्लाही वाढवावा लागतो. 25 फुटांना पुरणारी छोटी हालचाल 45 फुटांना पुरत नाही.

थांबल्यावर वाट बघायची, लाइन मागे जवळजवळ सरळ होईपर्यंत. लांब लाइनला जास्त वेळ लागतो. घाई केली तर फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. खरी फ्लाय लावलेली असते तेव्हा याच फटक्यात ती तुटून जाते. फार थांबलात तर लाइन खाली पडते आणि पुढच्या कास्टचा अर्धा जोर ती उचलण्यातच जातो.

दोन दोष वारंवार दिसतात. पहिला, मनगट मागे मोडणं. त्याने लूप रुंद होतो आणि लाइन पाठीमागे जमिनीवर आपटते. रॉडच्या मुठीचं खालचं टोक शर्टाच्या बाहीत खोचा किंवा रुंद कापडी पट्टीने मनगटाशी बांधा, मनगट लगेच ताळ्यावर येतं. दुसरा, लूपची वरची बाजू खालच्या बाजूला ओलांडून जाणं. लीडरमध्ये आपोआप गाठी पडतात त्या यामुळे, दोष मात्र वाऱ्याला दिला जातो. याचं कारण बहुतेकदा मध्येच अचानक दिलेला जोर, किंवा थांबण्याच्या वेळात नकळत पुढे सरकलेला हात. मोबाइल तुमच्या बाजूला, काटकोनात ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. हात सरकताना स्पष्ट दिसतो.

आडवा कास्ट जमला की रॉड हळूहळू उभा करत न्या. उजव्या हाताने कास्ट करणाऱ्यांनी उजवा पाय मागे ठेवावा, म्हणजे मागे बघणं सोपं जातं. आणि खरंच मागे बघा. त्यानंतर 20, 30 आणि 40 फुटांवर ताटल्या ठेवून नेम धरा. अंतर वाढवण्याचा मोह आवरा. 30 फुटांवर गोंडा सारखा ताटलीत पडू लागेपर्यंत त्यापलीकडे जाण्यात अर्थ नाही.

गवतावर रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न फेकता पुढेच उलगडत नेणारा कास्ट, नीट होत नाही, कारण पाणी जशी लाइन धरून ठेवतं तसं गवत धरत नाही. लीडरचं टोक क्लिपबोर्डच्या चिमट्यात अडकवा आणि बोर्डावर वजन ठेवा. ताण मिळतो, आणि चिमट्यातून लीडर निसटला तरी अपाय नाही.

बाहेर जाणं शक्य नसेल तर चार भागांच्या रॉडचे वरचे दोन भाग जोडा आणि टोकाला 8 ते 10 फूट जाड, मऊ सुती दोर बांधा. खोलीत इतकी जागा नसेल तर दोर छोटा करा. दोर सावकाश उलगडतो, त्यामुळे थांबण्याची वेळ शिकायला तो लाइनइतकाच उपयोगी पडतो. दोरही नको असेल तर भिंतीशेजारी उभे राहा आणि छत व भिंत मिळतात त्या रेषेवरून रॉडचं टोक पुढे-मागे न्या. टोक रेषेखाली घसरलं की कमान झाली.

रोज 10 ते 15 मिनिटं पुरतात. हात थकल्यावर मनगट मोडू लागतं, आणि त्यानंतरची प्रत्येक फेरी चुकीची सवय पक्की करते. शेवटी लाइन कोमट पाण्यात सौम्य साबणाने पुसून घ्या. गवतातली धूळ राहिली तर लाइन रॉडच्या कड्यांमधून अडखळत जाते.