सर्व्हरची ओएस बदलताय? तारीख ठरवायच्या आधी कार्डाचा नंबर बघा

ओएस म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. सेंटओएस 7 ह्या लिनक्सचा सपोर्ट 30 जून 2024 ला संपला, विंडोज सर्व्हर 2012 आर2 चा तर त्याच्याही आधी, 10 ऑक्टोबर 2023 ला, आणि तरी गोव्यात म्हापसा, मडगाव, फोंडा, वेर्णा कुठेही जा, हॉटेलच्या रिसेप्शनमागच्या खोलीत, सीएच्या ऑफिसात, छोट्या फॅक्टरीत हे सर्व्हर अजून चालूच आहेत. बदलायला पाहिजेत, त्यात वादच नाही. पण बदलायचं ठरलं की सगळे आधी बॅकअपचं बोलतात, मग तारखेचं, मग कुठली ओएस घ्यायची त्यावर चर्चा, आणि मशीनमध्ये डिस्कचं आणि नेटवर्कचं नेमकं कुठलं कार्ड बसलंय हे कोणी उघडून बघतच नाही. माझं म्हणणं असं की हे पहिलं बघा. सॉफ्टवेअरचं पुढेमागे काहीतरी जमवता येतं, डिस्क कंट्रोलरच, म्हणजे डिस्क ज्याला जोडलेल्या असतात ते कार्डच, ओळखलं नाही तर इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही आणि तिथेच काम थांबतं, मग रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि सकाळी गेस्टचं चेकआउट असतं.

तर जुनी ओएस नीट चालू आहे तेव्हाच बसून सगळं लिहून काढा. लिनक्स असेल तर एलएसपीसीआय कमांड डॅश एनएनके लावून चालवा, प्रत्येक कार्डाच्या नावापुढे चौकोनी कंसात दोन चार-आकडी कोड येतात, पहिला कंपनीचा, दुसरा त्या डिव्हाइसचा, आणि खाली आत्ता कुठला ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, वापरात आहे ते येतं, हे अख्खं आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि ती फाइल त्या सर्व्हरवर नको, दुसरीकडे ठेवा, एक प्रिंट पण काढा. नेटवर्क कार्डांसाठी ईथटूल डॅश आय, त्यात ड्रायव्हर आणि फर्मवेअरचं, म्हणजे कार्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, व्हर्जन दोन्ही कळतं. डीएमआयडीकोडने मॉडेल आणि बायोसचं व्हर्जन घ्या, डिस्क-पार्टिशनची यादी देणाऱ्या एलएसबीएलके कमांडचं आउटपुट आणि कुठलं पार्टिशन कुठे लागतं ती एफएसटॅब फाइल ह्यांची कॉपी घ्या, आणि रेड (आरएआयडी, म्हणजे अनेक डिस्क एक करून चालवणारं) कार्ड असेल तर त्याच्या कंपनीच्या टूलने, म्हणजे स्टोरसीएलआय, पर्कसीएलआय किंवा एचपीचं एसएसएसीएलआय, कुठली डिस्क कुठल्या स्लॉटमध्ये आणि कुठल्या व्हर्च्युअल डिस्कमध्ये आहे ते लिहून घ्या. विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिव्हाइसच्या डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी बघा, तिथे व्हेन आणि डेव्ह करून तेच दोन कोड असतात.

आता हे दोन कोड एवढे महत्त्वाचे का ते सांगतो, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. लोक ड्रायव्हरचं नाव बघतात, जुन्यात एमपीटी3एसएएस आहे, नव्यातही एमपीटी3एसएएस आहे, म्हणजे झालं. नाही झालं. ड्रायव्हर तोच असतो पण तो कुठल्या कुठल्या कार्डांना हात लावेल ती यादी बदललेली असते. रेड हॅट कंपनीने आरएचईएल 8 (सेंटओएस ज्यावर बेतलेलं असायचं ते तिचं सर्व्हरचं लिनक्स) काढताना बऱ्याच जुन्या स्टोरेज कार्डांचा सपोर्ट काढून टाकला, त्यात 1000:0072 म्हणजे एलएसआयची एसएएस2008 चिप होती, मेगारेड ह्या रेड कार्डांमधली 1000:0073 आणि 1000:0079 होती. डेलच्या जुन्या सर्व्हरमधली पर्क एच200, एच310, एच700 ही कार्डं नेमकी ह्याच नंबरांची, आणि सेकंडहँड घेतलेल्या सर्व्हरमध्ये हीच जास्त सापडतात. सेंटओएस 7 वर ती वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात, आरएचईएल 8 किंवा 9 चा इन्स्टॉलर लावला की डिस्कांची यादी रिकामी.

गंमत नाही, पण हे कार्ड जुनं झालं म्हणून असं होत नाही, मूळ लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे ओएसच्या गाभ्यात, ह्या चिपांचा सपोर्ट काढलेला नाही, त्या डिस्ट्रोने, म्हणजे लिनक्सच्या त्या तयार आवृत्तीने, स्वतःच्या बांधणीत तो बंद केलाय. म्हणून डेबियन 12 ला, ज्याचं कर्नल 6.1 आहे, एसएएस2008 दिसतं. आरएचईएलवर बेतलेल्या अल्मालिनक्सवाल्यांनी 9.4 मध्ये, म्हणजे मे 2024 मध्ये, अशा बऱ्याच जुन्या कार्डांचा सपोर्ट परत चालू केला, त्यांच्या रिलीज नोट्समध्ये कोडसकट यादी आहे, आपला कोड त्यात आहे का ते शोधा. रॉकी लिनक्स रेड हॅटच्या मागोमाग जातं, तिथे ईएलरेपो ह्या बाहेरच्या साठ्यातला ड्रायव्हर लागतो, इन्स्टॉल करताना ड्रायव्हर डिस्क वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन बूट लाइनमध्ये इन्स्ट डॉट डीडी द्यावं लागतं. चालतं ते, पण एक लक्षात ठेवा, बाहेरचा ड्रायव्हर घेतलात की पुढच्या प्रत्येक मायनर व्हर्जनला नव्या कर्नलशी जुळणारा ड्रायव्हर आलाय का ते आधी बघायचं आणि मगच अपडेट मारायचं, ऑटो अपडेट चालू ठेवून विसरून गेलात तर एखाद्या रीबूटला रूट डिस्कच सापडणार नाही. सर्व्हर दुसऱ्या कोणाच्या हातात जाणार असेल तर मी हा रस्ता घेत नाही, ज्या डिस्ट्रोच्या आपल्या कर्नलमध्ये ते कार्ड चालतं ती घेतो, नाहीतर सरळ कार्डच बदलायला सांगतो. नव्या कार्डाने जुने रेड मेटाडेटा, म्हणजे डिस्क कशा जोडल्यात त्याची नोंद, वाचलेच पाहिजेत असं नाही, म्हणून कार्ड बदलणार असाल तर डेटा बॅकअपवरूनच परत आणायचा असं धरून चाला.

सीपीयूचं पण बघून घ्या, हे फारसं कोणाला माहीत नसतं. सीपीयूला कुठल्या सूचना समजतात त्यावरून एक्स86-64 च्या लेव्हल ठरलेल्या आहेत, आरएचईएल 9 ला दुसरी लागते, 10 ला तिसरी, म्हणजे एव्हीएक्स2 वगैरे सूचना पाहिजेत. झिऑन ई5 चा व्ही2 असेल तर त्यात एव्हीएक्स2 नाही, व्ही3 पासून आहे. एलएससीपीयूच्या फ्लॅग्समध्ये एव्हीएक्स2 शोधा, नसेल तर 10 चा विचार सोडा किंवा अल्मालिनक्स 10 ची दुसऱ्या लेव्हलसाठी वेगळी बिल्ड आहे ती बघा. आणि डेटा बीटीआरएफएसवर असेल तर आरएचईएल 8 पासून पुढे ती फाइलसिस्टम काढलेली आहे, हेही त्याच वेळी तपासा.

कागदावर सगळं जुळलं तरी खरं ते बूट करूनच कळतं. कधीकधी ड्रायव्हरच्या फाइलमध्ये आपला कोड दिसतो पण डिस्ट्रोने तो आतून बंद केलेला असतो, कर्नलचा लॉग दाखवणारी डीमेसेज कमांड बघितल्यावरच समजतं. म्हणून ऑफिस सुटल्यावर एखाद्या संध्याकाळी जी ओएस टाकायची तिचाच लाइव्ह किंवा रेस्क्यू आयएसओ (बूट करायची इमेज फाइल) पेनड्राइव्हवर घ्या, फाइल नीट उतरली का ते कळायला चेकसम जुळवून घ्या, आणि त्याच्यावर बूट करा. इन्स्टॉल काही करायचं नाही. सगळ्या डिस्क दिसतात का, एलएसपीसीआयमध्ये प्रत्येक कार्डाखाली ड्रायव्हर लागलाय का, नेटवर्कचा लिंक येतो का आणि पूर्ण स्पीडने येतो का ते बघा, एक मोठी फाइल नेटवर्कवरून रॅममध्ये कॉपी करून बघा कारण लिंक येणं आणि लोडखाली टिकणं वेगळं. डीमेसेजमध्ये फर्मवेअर शब्द शोधा, ब्रॉडकॉमच्या बीएनएक्स2 सारख्या कार्डांना ड्रायव्हर असूनही फर्मवेअरची फाइल वेगळी लागते, ती नसेल तर कार्ड दिसतं पण चालत नाही. डेबियनने 12 पासून ही फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली, जुना आयएसओ वापरू नका. ह्या सगळ्यात जुन्या डिस्क माउंट करायच्या नाहीत, करावीच लागली तर रीड ओन्ली आणि एक्सएफएस फाइलसिस्टम असेल तर सोबत नोरिकव्हरी हा पर्याय, नाहीतर जर्नलमधल्या अर्धवट नोंदी डिस्कवर लिहिल्या जातात. आणि रेड कार्डाने फॉरेन कॉन्फिग, म्हणजे डिस्कवर दुसरीच मांडणी आहे असं, दाखवलं तर क्लिअर कधीच दाबू नका, आधी नीट वाचा.

हा टेस्ट ज्या मोडमध्ये शेवटी चालवायचं त्याच मोडमध्ये करा. आत्ता लेगसी बायोस ह्या जुन्या बूट पद्धतीवर असेल आणि नवीन यूईएफआय पद्धतीवर टाकणार असाल तर टेस्टही यूईएफआयवर. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारं सेटिंग) चालू ठेवणार असाल तर बाहेरून आणलेला सही नसलेला ड्रायव्हर लोडच होणार नाही, त्यावर सही करून त्या सहीची की एमओकेयूटिल कमांडने आधी घालावी लागते आणि ती मान्य करायला रीबूटच्या वेळी कीबोर्ड-मॉनिटर समोर पाहिजे, रिमोटने बसून होत नाही जर आयड्रॅक (डेलचा) किंवा आयएलओ (एचपीचा) ह्या सर्व्हर दुरून चालवायच्या चिपचा कन्सोल चालत नसेल तर. तो कन्सोल चालतो का हे पण आजच बघा, जुन्या आयड्रॅकना जावा लागतं आणि आजच्या ब्राउझरमध्ये ते उघडत नाही.

नेटवर्कची नावं बदलणार हे धरूनच चाला. जुन्यात ईटीएच0 किंवा ईएम1 असेल, नव्यात ईएनओ1 किंवा ईएनपी3एस0 होईल, फायरवॉलचे नियम, डीएचसीपी, बाँडिंग (दोन पोर्ट एक करून चालवणं) सगळं जुन्या नावावर लिहिलेलं असतं. म्हणून कुठल्या पोर्टात कुठली केबल आणि त्या पोर्टाचा मॅक अॅड्रेस काय ते लिहून ठेवा, केबलला कागदी लेबल लावू नका, आपल्याकडच्या दमट हवेत एका पावसाळ्यात ते गळून पडतं, प्लास्टिकचे टॅग लावा. जुन्या आयएफसीएफजी, म्हणजे नेटवर्क सेटिंगच्या, फाइली कॉपी करून काम भागणार नाही, आरएचईएल 10 मध्ये तो प्रकारच नाही, नेटवर्कमॅनेजरच्या पद्धतीने आधीच लिहून ठेवा.

मग जे एलएसपीसीआयमध्ये नीट कळत नाही ते. हॉटेलांमध्ये ईपीएबीएक्सची कॉल बिलिंगची केबल सीरियल पोर्टवर येते, फॅक्टरीत वजनकाटा सीरियलवर असतो, आणि ती केबल सर्व्हरच्या मागे कुठेतरी टेबलाखालून गेलेली असते, कोणाच्या लक्षातही नसते. मल्टिपोर्ट सीरियल कार्ड असेल तर नव्या कर्नलमध्ये पोर्टांचे नंबर बदलू शकतात, आणि कर्नल किती पोर्ट धरतं त्याला मर्यादा असते, ती 8250 डॉट एनआर-यूएआरटीएस ह्या बूट पॅरामीटरने वाढवता येते. अकाउंटिंगचं किंवा कुठलंही लायसन्स यूएसबी डाँगलवर असेल तर त्याचा ड्रायव्हर नव्या ओएससाठी मिळतो का ते विकणाऱ्याला लेखी विचारा, फोनवर हो हो सगळे म्हणतात. यूपीएसची केबल, टेप ड्राइव्ह, आणि मोठा कॉपियर जो स्कॅन करून सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकतो तो, हेही बघा, कारण लिनक्सवरून फोल्डर शेअर करणाऱ्या सांबाने 4.11 पासून एसएमबी1 हा जुना प्रोटोकॉल डिफॉल्टने बंद केलाय आणि जुन्या कॉपियरना तेच एक येतं. हा ड्रायव्हरचा प्रश्न नाही पण सकाळी पहिला फोन ह्याच्यासाठीच येतो.

बायोस आणि रेड कार्डाचं फर्मवेअर अपडेट करायचं असेल तर ते ओएस बदलायच्या दिवशी नको, आठवडाभर आधी, जुन्या ओएसवरूनच करा. त्याच वेळी मशीन पूर्ण बंद करून, प्लग काढून, परत चालू करा. वर्षानुवर्षं न बंद झालेल्या मशीनच्या डिस्क थंड झाल्यावर फिरत नाहीत असं होतं, आणि किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेने स्लॉटमधले कॉन्टॅक्ट खराब झालेले असतात, कार्ड काढून साफ करून परत बसवा. हा बिघाड आठवडा आधी निघाला तर तो हार्डवेअरचा बिघाड म्हणून कळतो, त्या रात्री निघाला तर नवी ओएस आणि जुनं कार्ड ह्यात तुम्ही शोधत बसाल.

परतीचा रस्ता म्हणजे माझ्या मते जुन्या डिस्क अख्ख्या बाजूला ठेवणं. नव्या एसएसडी घ्या, जुन्या स्लॉट नंबर लिहून काढून ठेवा, नव्यावर फ्रेश इन्स्टॉल करा, काही बिनसलं तर जुन्या परत त्याच क्रमाने लावल्या की झालं. तिथल्या तिथे अपग्रेड, म्हणजे एलिव्हेट आणि लीप वगैरे टूलनी जुन्या ओएसवरच नवी चढवणं, मला सर्व्हरवर आवडत नाही, पण लीपचा प्रीअपग्रेड रिपोर्ट तरीही काढून बघा, कुठले ड्रायव्हर नव्यात नाहीत ते त्यात स्पष्ट येतं. बॅकअप वेगळा हवाच, आणि त्यातला डेटाबेस दुसऱ्या मशीनवर उघडून बघितलेला हवा.

आता तारीख. पावसाळ्यात हॉटेलांना वेळ असतो हे खरं, पण जून-जुलैला वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि पार्ट पुण्याहून किंवा बेंगळुरूहून मागवला तर चोर्ला नाहीतर अनमोड घाटात दरड पडली की तो अडकतो, म्हणून जादाचं नेटवर्क कार्ड, जादाची एसएसडी, केबली आधीच हातात पाहिजेत. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीत करू असं कोणी म्हटलं तर नको म्हणा, ऑफिस रिकामं असतं पण मदतीला येणारा प्रत्येकजण गावी माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधत असतो. सीएकडे असाल तर 11 आणि 20 तारखेच्या आसपास जाऊ नका, जीएसटीचे रिटर्न असतात. ऑक्टोबरपासून सीझन, तेव्हा प्रश्नच नाही. मला सप्टेंबरचा शेवट बरा वाटतो, पाऊस ओसरलेला आणि हॉटेलं अजून भरलेली नसतात. वीज खात्याच्या शटडाऊनची नोटीस पेपरात येते ती बघून घ्या, जनरेटरचं डिझेल आणि यूपीएसची बॅटरी तपासा.

त्या दिवसासाठी पात्रांवाला, म्हणजे मालकाला, आधीच सांगून ठेवा की अमुक वाजेपर्यंत जमलं नाही तर जुन्या डिस्क परत लागणार, आणि तो वेळ लिहून ठेवा. ड्रायव्हरची आणि फर्मवेअरची पॅकेजं पेनड्राइव्हवर ठेवा कारण नेटवर्क कार्डच चाललं नाही तर डाउनलोड कुठून करणार, मोबाइलचा हॉटस्पॉट यूएसबीने जोडता येईल अशी केबल पण ठेवा. इन्स्टॉल झाल्यावर तीन-चार वेळा रीबूट करा, एकदा प्लग काढून, मग पहिल्या दिवशीची ती प्रिंट समोर घेऊन एलएसपीसीआय परत चालवा आणि एकेक ओळीवर टिक मारा. जुन्या डिस्क लगेच पुसू नका, एक महिनाअखेर आणि एक रिटर्न नव्या सर्व्हरवरून नीट गेलं की मग बघा, तोपर्यंत सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात.