ट्रेसरूटमध्ये तारे दिसले म्हणजे लाइन तुटली असं नाही

बेळगावात टिळकवाडीतल्या एका ऑफिसात युनिक्स मशीनवर ट्रेसरूट (आपली पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, वाटेत कोणकोणत्या राउटरमधून जातात ते दाखवणारी कमांड) चालवला, तर चौथ्या टप्प्यापासून, म्हणजे चौथ्या राउटरपासून, पुढे नुसते तीन-तीन तारे (* * *), म्हणजे उत्तरच नाही. खानापूरकडे पाऊस कोसळत होता, त्यामुळे फायबर तुटली असंच सगळ्यांनी धरलं. शेजारच्या विंडोजवर मात्र तोच पत्ता शेवटपर्यंत पोचत होता!

युनिक्सचा ट्रेसरूट सहसा ३३४३४ पासून पुढच्या पोर्टांवर यूडीपी प्रकारची पॅकेटं सोडतो, विंडोजचा ट्रेसर्ट (तिथला ट्रेसरूट) आयसीएमपी इको, म्हणजे पिंगवाली पॅकेटं, पाठवतो. मधल्या फायरवॉलने (पॅकेटं गाळणाऱ्या यंत्रणेने) यूडीपी अडवलं की तारे दिसतात, नेट चालूच असतं. म्हणून आधी रूट (अ‍ॅडमिन युजर) होऊन ट्रेसरूटला डॅश आणि कॅपिटल आय (-I) हा पर्याय द्या, म्हणजे तोही आयसीएमपी इको पाठवेल, मगच प्रोव्हायडरला फोन लावा.

एमटीआरमध्ये (ट्रेसरूटसारखंच, पण सतत मोजत राहणारं टूल) मधल्या एकाच टप्प्यावर ६० टक्के लॉस (उत्तर न आलेली पॅकेटं) आणि शेवटच्या ओळीत ० दिसलं, तरी घाबरू नका. तो राउटर स्वतःची उत्तरं कमी देतो, तुमची पॅकेटं पुढे नेतोच. लॉस एखाद्या टप्प्यापासून थेट शेवटच्या ओळीपर्यंत टिकला, तर मात्र त्या स्क्रीनचा फोटो वेळेसकट काढून ठेवा, तक्रारीला तोच जोडायचा.