इनडोअर ट्रेनर घेताना या चुका टाळा

हिवाळ्यात पहाटेचा अंधार, धुके आणि निसरडे रस्ते यांमुळे सायकल घराबाहेर पडत नाही आणि घरात ट्रेनर, म्हणजे सायकल जागीच चालवू देणारे यंत्र, आणण्याचा विचार सुरू होतो. बहुतेक जण कमाल वॅट (पेडल मारण्याची ताकद) आणि ट्रेनर भासवू शकेल त्या चढाचे टक्के यांची तुलना करत बसतात. प्रत्यक्षात फसगत होते ती आपल्याच सायकलच्या मागच्या चाकापाशी.

डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरवर मागचे चाक काढून सायकल थेट बसवली जाते. त्यामुळे ट्रेनरवरची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, सायकलच्या गिअरांशी जुळावी लागते आणि ती कॅसेट ज्या खाचांच्या नळीवर, म्हणजे फ्रीहबवर चढते, तोही योग्य प्रकारचा असावा लागतो. शिमानोचा एचजी, स्रॅमचा एक्सडीआर आणि कॅम्पाग्नोलोचा फ्रीहब यांची खाचरचना एकमेकींशी जुळत नाही. कॅसेट अनेकदा सोबत मिळतही नाही. एक्सलचेही (चाकाच्या आसाचेही) तसेच आहे: रिम ब्रेकच्या रोड बाइकला बहुधा 130 मिमीचे क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक आस) असते, तर डिस्क ब्रेकच्या आधुनिक रोड बाइकला 142 मिमी रुंदीचा आणि 12 मिमी जाडीचा थ्रू एक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड आस). जुन्या 7 गिअरच्या सायकलींना बहुतेक वेळा आट्यांवर बसणारे फ्रीव्हील (कॅसेटऐवजीचा दातेरी चक्रांचा संच) असते आणि ते फ्रीहबवर चढतच नाही. अशा सायकलसाठी व्हील-ऑन ट्रेनरच बरा; त्यात मागचे चाक न काढता त्याचा टायर रोलरवर टेकतो.

ट्रेनरवर बसवल्यावर गिअर कटकट करू लागले, तर यंत्राला दोष देण्याची घाई करू नये. दोन कॅसेटच्या जागेत किंचित फरक असतो आणि डिरेलरचा (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) बॅरल ॲडजस्टर, म्हणजे केबलचा ताण बदलणारा स्क्रू, पाव फेरी फिरवला की आवाज बहुधा थांबतो.

व्हील-ऑन ट्रेनरवर खाचांचा जाड टायर चढवणे ही दुसरी नेहमीची चूक. तो गोंगाट करतो आणि लवकर झिजतो, म्हणून गुळगुळीत टायर वापरावा. आज 180 आणि उद्या त्याच श्रमात 205 वॅट दिसत असतील, तर टायरमधील हवा दर वेळी सारख्याच दाबाची ठेवावी, रोलर तितकाच घट्ट आवळावा आणि सुमारे दहा मिनिटे पेडल मारून झाल्यावरच कॅलिब्रेशन (ट्रेनरच्या मोजणीची जुळणी) करावे, कारण टायर तापला की रोध बदलतो. माझ्या मते आकड्याच्या अचूकतेपेक्षा त्याचे सातत्य महत्त्वाचे. सराव आपल्याच कालच्या आकड्याशी ताडायचा असतो.

स्मार्ट ट्रेनरच्या (ॲपला जोडलेल्या, रोध आपोआप बदलणाऱ्या ट्रेनरच्या) अर्ग मोडमध्ये, म्हणजे वॅट कायम ठेवणाऱ्या पद्धतीत, नवखे हमखास अडकतात. ठरलेले वॅट राखण्यासाठी पायांची गती घटली की ट्रेनर रोध वाढवतो, त्याने गती आणखी घटते आणि अखेर पेडल जागीच थांबते. कठीण टप्पा सुरू होण्याच्या काही सेकंद आधीच गती वाढवावी. तरीही अडकल्यास मोड क्षणभर बंद करावा.

बाहेर थंडी असली तरी पंखा हवाच, कारण जागच्या जागी चालणाऱ्या सायकलला वारा लागत नाही. हँडलवर टॉवेल टाकावा. खारट घाम हेडसेटचे (हँडल फिरते त्या सांध्याचे) बोल्ट गंजवतो. ट्रेनरखाली जाड मॅटही घालावी, कारण खालच्या मजल्यावर पोहोचतो तो आवाजापेक्षा कंप.

ट्रेनर आणि ॲप यांची जोडणी सारखी तुटत असेल, तर आधी खिशातला फोन तपासावा. अनेक ट्रेनर एका वेळी एकच ब्लूटूथ जोडणी स्वीकारतात आणि कालचे ॲप मागे चालू राहिले असेल, तर संगणकाला ट्रेनर सापडत नाही.